इस्तारीच्या लेकीचे बेचाळीस किलोमीटर

डोंगरबोडीच्या शाळेत मी पीटीचा मास्तर म्हणून रुजू झालो, त्याला आठवडाही झाला नव्हता. शनिवारची सकाळची शाळा सुटली आणि मी सायकलनं तालुक्याच्या मूल गावी घरी निघालो. नऊ किलोमीटरचा रस्ता. अर्ध्यात पोचलो असेन, तोच मागून अनवाणी पायांचा थपथप आवाज आला.

"सरका गुरुजी, मासोळी खराब होते!"

काष्टा घट्ट खोचलेला, डोक्यावर मासोळ्यांची टोपली, टोपलीवर ओलं पोतं, त्यातून कानशिलावर टपटपणारं पाणी. अशी एक बाई माझ्या बाजूनं निघून गेली. चालत नव्हती, धावतही नव्हती. दोन्हींच्या मधली काहीतरी चाल होती ती. मी पायडल मारले. वारा समोरून होता हे खरं, पण मी तिला गाठू शकलो नाही हेही खरं. मूलच्या बाजारात पोचलो तेव्हा तिची अर्धी टोपली विकून झाली होती.

ती कुंता शेंडे. ढिवराची लेक. बाप इस्तारी हा गावच्या तलावावरचा सगळ्यात हुशार जाळेवाला म्हणून ओळखला जायचा. त्याला मुलगा नव्हता, म्हणून कुंताचा नवरा खुशाल घरजावई होऊन आला. खुशाल जाळं टाकायचा, कुंता मासोळ्या बाजारात पोचवायची. दहा वर्षांची असल्यापासून ती हेच करत होती. बर्फ नाही, गाडी नाही. पाय उचलले तर मासोळी ताजी, नाहीतर मातीमोल.

तिचा बाप कसा गेला, हे मला तीन वर्षांनी कळलं.

ऑक्टोबर २००० मध्ये आमच्या शाळेत रक्तदानाचं शिबिर ठेवलं होतं. चंद्रपूरच्या रक्तपेढीतल्या पुनमताई जीपमधून आल्या. सोबत दोन खाटा, बर्फाची पेटी, बिस्किटांचे पुडे. अख्खा गाव जमला, पण बघायला. पुनमताईंनी सुई काढली आणि पोरं, बाप्ये, बाया सगळे दोन पावलं मागं सरले. गावात पक्की समजूत होती की रगत दिलं की माणूस सुकतो. मी आधी झोपलो. मग कोणीच येईना. अर्धा तास गेला. पुनमताई पेटी बंद करायला लागल्या, तेव्हा गर्दीतून कुंता पुढं आली.

"माहं घ्या."

पुनमताईंनी बोटातून थेंब काढून तपासला आणि चकित झाल्या. "हिमोग्लोबिन तेरा! बाई, तुम्ही खाता तरी काय?"

"मासोळी अन् भात," कुंता म्हणाली, आणि खाटेवर झोपली. डोळे मिटले नाहीत. बाटली भरेपर्यंत नळीकडे बघत राहिली.

नंतर बिस्किट हातात धरून ती शाळेच्या पायरीवर बसली होती. मी शेजारी बसलो. तिनं आपणहून सांगितलं.

१९८९ साल. ती अठरा वर्षांची. पहाटे तलावाच्या पाळीवर रानडुकरानं इस्तारीची मांडी फाडली. बांबूच्या ट्रकमध्ये घालून त्याला चंद्रपूरला नेलं. डॉक्टरांनी टाके घातले. त्याच्या गटाच्या होत्या तेवढ्या दोन बाटल्या लावल्या आणि बाहेर येऊन सांगितलं, अजून रक्त लागेल, घरच्यांनी द्यावं. बाहेर चौघं होते. इस्तारीचा लहान भाऊ सोमाजी, गावातले दोघं आणि कुंता.

"सोमाजी काका म्हणे, बिडी घेऊन येतो. गेला तं आलाच नाई. ते दोघंही गेले. अन् मी..." ती थांबली. "मी मांगं पाण्याच्या टाकीमांगं जाऊन बसली, गुरुजी. लपली. मले लय भेव वाटलं. वाटे का मी मरून जाईन. तासभर बसली. मंग उठली अन् धावत गेली आतमंधी, हात असा पुढं करून. तं बाबाच्या तोंडावर चादर टाकली होती."

तिनं हातातलं बिस्किट मोडलं.

"अकरा वर्सं झाले. आज देल्लं तं समजलं, काहीच नाई होत. मुंगी चावल्यासारखं होते. एवढ्यासाठी बाप गेला माहा."

गाव मात्र आता कुंतावर डोळा ठेवून बसलं. ती सुकते का, ते बघायला. आठवड्यानं तिला साधी सर्दी झाली तर गावभर झालं की घ्या, लागली सुकायला. मच्छीमार सोसायटीची बैठक होती, तिथं हा विषय निघाला. मी हिशेब लिहायला मदत म्हणून बसलो होतो. कुंता दारात उभी होती.

"पुनमबाई पुन्हा येनार हायेत जानेवारीत," ती म्हणाली. "तवा तुमी सगळ्यायनं देजा."

सोमाजी आता सोसायटीचा अध्यक्ष होता. बासष्ट वर्षांचा, काटक, आवाजाला जड. तो हसला. "तुह्या अंगातली ताकत गेली, पोरी. तुले आत्ता नाई समजनार."

"कुठी गेली? काल मूलले जाऊन आली नं मी."

"मूल! मूलले तं म्हशीबी जाते. चंद्रपूरपावतर धावून दाखव. मंग मानतो."

सगळे हसले. कुंता हसली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. "गुरुजी, चंद्रपूर किती हाय?"

"मूलपासून पंचेचाळीस किलोमीटर." आणि मला एकदम आठवलं. "मोठ्या शहरात माणसं बेचाळीस किलोमीटर धावतात. मॅरेथॉन म्हणतात. कोणी दवाखान्यासाठी धावतं, कोणी शाळेसाठी, कोणी गेलेल्या माणसाच्या नावानं."

"गेलेल्या माणसाच्या नावानं?" तिनं पुन्हा विचारलं.

"हो."

ती उंबरा ओलांडून आत आली. "मंग आयका काका. मी बाबाच्या नावानं बेचाळीस किलोमीटर धावतो. रगत देऊन तीन महिने झाल्यावर. पोचली तं जितके किलोमीटर तितके जन रगत देतीन. बोला."

सगळे सोमाजीकडे बघू लागले. सोमाजीला मागं हटता येईना. "बेचाळीस तं बेचाळीस!" तो मांडीवर थाप मारून म्हणाला. "लिवा गुरुजी नावं!"

मी शाळेच्या वहीत नावं लिहिली. पहिलं नाव सोमाजीनं स्वतःचं सांगितलं. बेचाळीस व्हायला रात्रीचे आठ वाजले. शेवटची दहा-बारा नावं तर ती पोचणारच नाही या खात्रीनं हसत हसत आली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही लागलो. पुनमताईंनी चंद्रपूरच्या एका डॉक्टरांकडून तिची तपासणी करून घेतली. हृदय, रक्त, वजन सगळं ठीक. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर हळू, मग वाढवा. मी आयुष्यात पाच किलोमीटरच्या वर धावलो नव्हतो, पण पीटीचा मास्तर म्हणून मला सगळं येतं असा तिचा विश्वास होता. मी तो मोडला नाही.

पहिल्या दिवशी पहाटे ती रस्त्यावर आली आणि अडली.

"गुरुजी, टोपली नसली तं हात कुठी ठेवू?"

वीस वर्षं ती डोक्यावर ओझं घेऊन पळत होती. मोकळी धावायला लागली की हात लोंबकळायचे, मान ताठ राहायची, दर पन्नास पावलांवर एक हात आपोआप वर जायचा, टोपली सावरायला. आम्ही दोघं रस्त्याच्या मधोमध हसत सुटलो. आठवडा लागला हातांना जागा सापडायला.

नोव्हेंबरात धानाची कापणी आली. ती दिवसभर बांधावर वाकून कापायची आणि तरी पहाटे यायची. मी नव्यानं घेतलेल्या लुनावर मागं. दहा किलोमीटर, पंधरा, वीस. डिसेंबरच्या शेवटी एका रविवारी तिनं तीस केले आणि थांबल्यावर म्हणाली, "भूक लागली." बस एवढंच. खुशाल सायकलला डबा अडकवून यायचा, मीठ घातलेली पातळ पेज आणि गुळाचा खडा. तो बोलायचा कमी. पण एकदा मला म्हणाला, "गुरुजी, रात्री झोपीतबी पाय हालवते हे. मले लाथा बसून राह्यल्या." आणि स्वतःच खूश होऊन हसला.

मी मूलमधून तिच्यासाठी कॅनव्हासचे बूट आणले. तिनं ते आधी दोन दिवस घरात घालून बघितले, मग रस्त्यावर.

२१ जानेवारी २००१, रविवार. या वेळी रक्त चंद्रपूरच्या दवाखान्यातच द्यायचं होतं. त्याचं फाटक ते मूल माझ्या लुनाच्या काट्यावर पंचेचाळीस भरलं होतं, म्हणून सुरुवात मूलच्या पुढं तीन किलोमीटरवर, ओढ्यावरच्या एका मोरीपाशी ठेवली. साडेपाच वाजता अंधार होता आणि बोटं वाकत नव्हती इतकी थंडी. मला वाटलं होतं आम्ही तिघं-चौघंच असू. पण मेटाडोर भरून माणसं आली होती. मी मोजली, एकतीस. अकरा जणांना ऐन वेळी पोटदुखी, पाहुणे, म्हैस व्याली असं काही काही निघालं होतं. सोमाजी मेटाडोरमध्ये बसला नाही. तो स्वतःची सायकल घेऊन आला होता.

"मी मांगं राह्यतो," तो म्हणाला. "कुठी बसली, कुठी गाडीत चढली, तं मले दिसलं पाह्यजे."

"या नं काका," कुंता म्हणाली. "पन तुमाले जमन का?"

मेटाडोरमध्ये हशा पिकला. मी शिट्टी वाजवली.

ती निघाली. पहिले दहा किलोमीटर मला लुना दुसऱ्या गिअरच्या गाडीसारखी दाबून धरावी लागली, इतकी ती आवरून धावत होती. मीच सांगितलं होतं तसं. जानाळ्याला उजाडलं. टपरीवाल्यानं विचारलं, बाई काऊन धावून राह्यली? मेटाडोरमधून कोणीतरी ओरडून सांगितलं, आणि टपरीवरचे चार जण चहाचे कप हातात घेऊन रस्त्यावर आले.

जानाळ्याच्या पुढं जंगल लागतं. चौदाव्या किलोमीटरला ती लंगडायला लागली. थांबली, खाली वाकली, बूट काढले. टाचेवर फोड फुटला होता, कॅनव्हास लाल झालं होतं. मी लुना थांबवली. तिनं बूट माझ्या लुनाच्या हँडलला अडकवले.

"तुमचे बूट चांगले हायेत गुरुजी. माहे पायच गावठी हायेत."

आणि अनवाणी निघाली. आता आवाज बदलला. तोच थपथप आवाज, जो मी पहिल्या शनिवारी ऐकला होता. पायांना ओळखीचं काहीतरी सापडल्यासारखी ती वेग धरू लागली. मी ओरडलो, "हळू!" तिनं ऐकलं नाही.

विसाव्या किलोमीटरच्या आसपास एक वळण होतं. वळणापलीकडं रस्त्यावर रानगव्यांचा कळप उभा होता. नऊ-दहा जनावरं, काळीभोर, पांढऱ्या मोज्यांचे पाय. मी लुना बंद केली. मेटाडोर थांबला. कळपाच्या पलीकडून चंद्रपूरहून येणारी एसटी, तीही थांबलेली. कोणी हॉर्न वाजवायचा नाही, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक.

कुंता जागच्या जागी पावलं मारत होती. "पाय थंडे झाले तं नाई उठनार," ती दबक्या आवाजात म्हणाली.

पाच मिनिटं. सात. मग मोठ्या गव्यानं मान हलवली, सगळा कळप सावकाश झाडीत उतरला आणि कुंता सुटली. एसटीच्या बाजूनं जाताना ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "कोनाच्या मांगं धावून राह्यली बाई?"

मी लुना त्याच्या खिडकीशी नेऊन दोन वाक्यांत सांगितलं. बापाच्या नावानं, रक्तासाठी. ड्रायव्हरचं नाव बिरजू. तो गाडीत वळून ओरडला, "अरे, पाहा ही बाई!" आणि पूर्ण गाडी एका बाजूला झाली. खिडक्यांतून हात, टोप्या, एका आजीनं तर भरलेली पाण्याची बाटलीच पुढं केली. टाळ्यांचा आवाज जंगलात घुमला. 

"मूलहून परतीची फेरी हाय माही," बिरजू म्हणाला. "किती वाजेपावतर हाय तुमचं?"

"दोनपर्यंत."

"येतो मी!"

अजयपूर गेलं. चिचपल्लीत बाया आधीच रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. बातमी आमच्या पुढं कशी पोचली ते मला अजून कळलेलं नाही. एकीनं कुंताच्या कपाळाला कुंकू लावलं ते धावता धावताच, तिच्या बरोबरीनं वीस पावलं पळत.

बत्तिसाव्या किलोमीटरला ती तुटली. एकदम. चेहरा राखेसारखा झाला, पावलं घासू लागली. खुशालनं पेज दिली, ती तिनं ओकून टाकली. ती मैलाच्या दगडाला हात टेकून उभी राहिली. बसली नाही, पण धावतही नव्हती.

"चक्कर येते का? कुंता, माझ्याकडे बघ. येत असेल तर इथंच संपवू. कोणी काही म्हणणार नाही."

"चक्कर नाई. पाय आयकून नाई राह्यले."

मेटाडोरही थांबला. तेवढ्यात मागून सोमाजी आला. बत्तीस किलोमीटर त्या म्हाताऱ्यानं सायकल हाणली होती, धाप लागली होती. मला वाटलं आता हा काहीतरी बोलणार आणि मी त्याला मारणार. त्यानं सायकल आडवी टाकली. कुंताच्या समोर येऊन उभा राहिला.

"मी बिडी आनाले गेलो नवतो, पोरी," तो म्हणाला. "तुले मालूम हाय. मी बसस्टँडवर जाऊन बसलो होतो. भाऊ मरून राह्यला होता अन् मी बसस्टँडवर बसलो होतो."

कुंता त्याच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत हे दोघं या गोष्टीवर कधी बोलले नव्हते. 

"मी टाकीमांगं होती, काका."

"हाव. मालूम हाय." त्यानं धोतराचा सोगा वर खोचला. "चाल. दहाच राह्यले. मी येतो संगं."

आणि तो धावायला लागला. बासष्ट वर्षांचा माणूस, पायात टायरच्या चपला. धावणं कसलं, तुरुतुरु चालणं. पण तो पुढं निघाला आणि कुंताच्या पायांनी ऐकलं. मेटाडोरमधून एकानं उडी मारली, मग दुसऱ्यानं. "चाल वो बाई!" म्हणत सहा-सात जण तिच्या मागं धावू लागले. सोमाजीला दोन किलोमीटरनंतर आम्ही जबरदस्तीनं गाडीत बसवलं, तरी तो फळीवर उभा राहून ओरडत होता, "पाय उचल! मासोळी खराब होते!" हे ऐकून कुंता धावता धावता हसली. तिच्या चेहऱ्यावर रंग आला.

लोहारा मागं पडलं. डावी-उजवी झाडी विरळ झाली आणि लांबवर ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसल्या. "त्या पाहा!" मी ओरडलो. शहराची वर्दळ सुरू झाली. रिक्षावाले थांबले, सायकलवाले बाजूनं चालू लागले. आता तिच्या मागं तीसेक माणसं धावत होती, अर्ध्यांना आपण का धावतोय ते माहीत नसावं. मी लुनाचा हॉर्न दाबूनच ठेवला होता. फाटकात पुनमताई उभ्या होत्या, दोन्ही हात वर करून.

पाच तास अडतीस मिनिटं. गव्यांची सात मिनिटं धरून.

कुंता फाटकाच्या आत आली, थांबली आणि डावा हात पुढं केला. "घ्या माहं आधी."

"आज नाही!" पुनमताई रागावल्या. "आज तुमचं घेतलं तर मला तुरुंगात टाकतील. महिनाभर नाव काढायचं नाही. बसा, पाणी प्या."

मग माणसं आत गेली. सगळ्यांत पुढं सोमाजी. बाही आधीच दंडापर्यंत चढवलेली. पुनमताईंनी वय विचारलं, आणि पेन खाली ठेवलं.

"बाबा, तुमचं चालणार नाही. साठच्या वर आम्ही घेत नाही."

"काऊन नाई?" तो भडकला. "बत्तीस किलोमीटर सायकल हानली, दोन किलोमीटर धावलो! माहं रगत काऊन नाई?"

त्या समजावत राहिल्या. तो ऐकेना. शेवटी व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला आणि रडला. एवढा मोठा माणूस, खांदे हलत होते. कुंता लंगडत त्याच्याजवळ गेली आणि शेजारी बसली. त्या दोघांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बराच वेळ बसली होती दोघं.

एकतीसपैकी तेवीस जणांचं रक्त घेता आलं. कोणाचं वजन कमी भरलं, कोणात रक्तच कमी निघालं. पावणेदोनला बिरजू खाकी कपड्यांतच आला, सोबत कंडक्टर आणि चार प्रवासी. चिचपल्लीचे तिघं आले. धावताना मागं लागलेल्यांपैकी नऊ जण. पुनमताईंनी संध्याकाळी आकडा सांगितला, एकेचाळीस.

"एक कमी पडला," खुशाल म्हणाला. तो दिवसभर पेज, पाणी, चादरी करत राहिला होता; त्याची पाळी राहूनच गेली होती. तो उठला, आत गेला. बाहेर आला तेव्हा कोपराच्या कापसावर बोट दाबून धरलेलं आणि चेहऱ्यावर जाळ्यात मोठी मरळ लागल्यासारखा आनंद.

परतताना मेटाडोरमध्ये नुसता गोंधळ. जो तो आपली सुई किती जाड होती ते सांगत होता. गावात शिरताच बाप्यांनी बायकांना कापूस दाखवले. कुंता मात्र माझ्या लुनाच्या हँडलला अडकवलेल्या बुटांवर डोकं टेकून, हो, मेटाडोरमध्येच लुना चढवली होती आम्ही, गाढ झोपली होती.

सोमाजीचं रक्त कोणी घेतलं नाही, पण त्यानं दुसरं काम धरलं. सायकल काढून तो टोल्याटोल्यांवर, आसपासच्या वाड्यांवर जायचा, माणसं गोळा करायचा आणि न येणाऱ्याला विचारायचा, "तू कुठी जाऊन बसशीन मंग?" सहा वर्षं त्यानं हे केलं. कुंता दरवर्षी जानेवारीत धावली. दुसऱ्या वर्षी तिच्यासोबत सात बाया मोरीपाशी उभ्या राहिल्या, त्यांतल्या तिघी फाटकापर्यंत पोचल्या. २००७ साली माझी सिंदेवाहीला बदली झाली, तोवर तिचं चौदा वेळा रक्त देऊन झालं होतं, आणि डोंगरबोडीत शिबिराच्या दिवशी दोन खाटा पुरत नव्हत्या. चार मागवाव्या लागत.